मशीन नंबर काढतं, मग ऑप्टोमेट्रिस्ट कशाला?

तिरकी रेघ · सोमवार, रात्री ९.४०

शाळकरी मुलांच्या चष्म्यांच्या धाग्यावर खवचट काकांनी पिंक टाकली होती : "दुकानातला पोरगा मशीनसमोर बसवतो, चिठ्ठी निघते, चिठ्ठीवर नंबर. याला चार वर्षांची डिग्री कशाला?" तिथेच उत्तर दिलं असतं तर त्या धाग्याचं वाटोळं झालं असतं, म्हणून हा वेगळा. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी. आधी पुण्यात डोळ्यांच्या एका मोठ्या रुग्णालयात होते, आता तालुक्याच्या गावी बसते.

मशीनपासूनच सुरू करते. त्याचं नाव ऑटोरिफ्रॅक्टोमीटर. ते डोळ्यात अवरक्त किरण सोडतं, दृष्टिपटलावरून परत आलेला प्रकाश मोजतं आणि नंबर किती असावा याचा अंदाज छापतं. आत रस्त्याच्या टोकाला फुगा किंवा घर दिसतं ना, ते चित्र मुद्दाम धूसर केलेलं असतं, लांबचं बघतोय असं वाटून डोळा सैल सुटावा म्हणून. पन्नाशीच्या माणसाचा सुटतो. सात वर्षांच्या मुलाचा सुटेलच असं नाही. त्याच्या डोळ्यातला फोकस करणारा स्नायू भलताच दणकट असतो, तोंडासमोर मशीन आलं की तो आवळूनच बसतो. मग ज्याला प्लस तीन आहे त्याची चिठ्ठी मायनस अर्धा अशीही निघू शकते.

अशा मुलाचा तो स्नायू थेंब घालून सैल पाडावा लागतो (सायक्लोपेंटोलेट, अगदी लहानांना ॲट्रोपिनचं मलम), आणि मग रेटिनोस्कोप. हातात धरायचं उपकरण, त्यातून प्रकाशाची एक पट्टी बाहुलीवरून फिरवायची. आतून येणारी तांबूस झळाळी पट्टीबरोबर सरकते की उलट, जाड आहे की बारीक, सरळ आहे की तिरपी, हे बघत एकेक काच समोर धरत जायची. हालचाल थांबली की हिशोब लागला. यात मुलाला बोलता यावं लागत नाही, अक्षरं ओळखावी लागत नाहीत. आईच्या मांडीवरच्या सहा महिन्यांच्या बाळाचाही नंबर असा काढता येतो. माझा आयडी त्या पट्टीवरूनच घेतलाय.

आता या प्लस तीनवाल्या मुलाचं काय होतं ते बघा. फळ्यावरचं त्याला दिसतं, कारण स्नायू ताणून तो प्लस झाकून टाकतो. शाळेच्या तपासणीत ६/६ (पूर्ण नजर) येतो. फक्त वाचायला बसला की डोकं दुखतं, अभ्यासाचा कंटाळा करतो, आणि काही मुलांचा एक डोळा नाकाकडे वळायला लागतो. घरचे म्हणतात, तिरळा झाला, ऑपरेशन करावं लागणार. थेंब घालून पूर्ण प्लस नंबर काढून दिला की यातल्या बऱ्याच मुलांचा डोळा चष्म्याच्या आत सरळ राहतो. आईबापांना जादू वाटते. त्याच मुलाला चिठ्ठीवरचा मायनस दिला तर डोळा आणखी ताणात जातो, आणि वळलेल्या डोळ्याचं चित्र मेंदू घ्यायचंच सोडून देतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. वयाच्या सात-आठ वर्षांनंतर तो सुधारणं फार अवघड होत जातं.

कोणाला नंबर द्यायचा नाही, हे कळणं माझ्या मते या कामातला सगळ्यात कठीण भाग. सतरा वर्षांचा मुलगा, सारखे डोळे चोळतो, दर सहा महिन्यांनी सिलिंडर (तिरका नंबर) वाढतोय आणि ॲक्सिस (त्याची दिशा) फिरतोय : त्याला नवा चष्मा देणारे तीन जण भेटलेले असतात, बुबुळाचा नकाशा काढायला पाठवणारा चौथा. केरॅटोकोनस असतो तो, बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येत असतं, आणि वेळेत क्रॉसलिंकिंग (बुबुळ घट्ट करण्याचा उपचार) केलं तर तिथेच थांबवता येतं. साठीतल्या आजोबांचा जवळचा चष्मा अचानक सुटला, 'नजर सुधारली' म्हणून पेढे वाटायच्या बेतात आहेत : मोतीबिंदूचा गाभा घट्ट होत चाललाय, त्यामुळे मायनस आलाय. मधुमेही बाईंचा नंबर आठवड्यात दीडने बदलला : आधी साखर आटोक्यात आणा, मग या. नंबर कितीही बदलला तरी एक डोळा ६/१८ च्या पुढे सरकत नाही, सुईच्या टोकाएवढ्या भोकातून बघितलं तरी नाही : मग दोष चष्म्याने जाणारा नाही, मागे पडद्यात किंवा नसेत शोधायला हवा. त्या भोकाच्या काळ्या चकतीला पिनहोल म्हणतात. आमच्या पेटीतली सगळ्यात स्वस्त गोष्ट.

याशिवाय कॉन्टॅक्ट लेन्स बसवणं, दोन डोळ्यांचा मेळ तपासणं, मुलांचा मायनस वाढण्याचा वेग आवरणं, आणि रुग्णालयात असाल तर दृष्टिक्षेत्र, ओसीटी (पडद्याच्या थरांचं चित्र), बायोमेट्री (डोळ्याची मापं). तुमच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये कोणती लेन्स बसवायची हे डॉक्टर ठरवतात, पण ज्या मापावर ठरवतात ते बहुतेक वेळा आमच्यापैकी कोणीतरी घेतलेलं असतं. डोळ्याच्या लांबीत एका मिलिमीटरची चूक म्हणजे अडीच-तीन नंबरची चूक.

अभ्यासक्रम बारावी सायन्सनंतर चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. एमबीबीएस करून पुढे एमएस किंवा डीएनबी केलेले नेत्रतज्ज्ञ वेगळे, काचा घासून फ्रेममध्ये बसवणारे ऑप्टिशियन वेगळे. विचारा काय विचारायचं ते.

---

खवचट काका · सोमवार, रात्री १०.१५

मी पिंक टाकल्याशिवाय या संस्थळावर ज्ञान बाहेर पडत नाही, याची नोंद व्हावी. पेढ्यांचा किस्सा आमच्या घरी घडलाय. वाटलेसुद्धा होते.

---

कुंदा_ठाणे · सोमवार, रात्री १०.५२

वाचनखूण साठवली. मुलगी बारावीला आहे, नीटमध्ये सरकारी जागेएवढे मार्क पडतील असं वाटत नाही. क्लासमधल्या सरांनी बी.ऑप्टोम (ऑप्टोमेट्रीची पदवी) सुचवलंय. यजमानांचं म्हणणं, "म्हणजे चष्म्याच्या दुकानात नोकरी." नोकरी, पगार, मान याबद्दल कोणी खरंखरं सांगेल का? कॉलेजवाले सगळेच गोड बोलतात.

---

बांधावरचा · मंगळवार, सकाळी ७.०५

मी ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. नाव भारदस्त आहे, शिक्षण दोन वर्षांच्या डिप्लोमाचं. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ ला सुरू झाला, त्यात आमची पदं आली. ताईंनी आमच्या जमातीचा उल्लेख केला नाही म्हणून लिहितोय, राग नाही.

आमच्या ओपीडीत येणाऱ्याला ऑप्टोमेट्रिस्ट आणि डॉक्टर यातला फरक नको असतो. "दिसंना झालंय" एवढंच. शुक्रवारी प्राथमिक आरोग्य केंद्रावर, इतर दिवशी शाळा, शिबिरं. मोतीबिंदू हुडकायचा, नाव लिहायचं, गाडीत बसवून जिल्ह्याला न्यायचं, ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्याने चष्मा द्यायचा. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण मोतीबिंदूच निघालं, सुमारे ६६ टक्के. म्हणजे आमचं काम संपलेलं नाही.

पण एक सांगतो. मोतीबिंदूला गाडी आहे, अनुदान आहे, फोटो आहे. चाळिशीच्या चष्म्याला कोणी वाली नाही. खुरपणारी बाई, शिलाईवाली, तांदूळ निवडणारी म्हातारी, यांना जवळचं दिसत नाही हे त्या सांगतही नाहीत. वय झालं म्हणून सोडून देतात. आसामच्या चहाच्या मळ्यात २०१७ मध्ये चाळिशीपुढच्या मजुरांवर एक अभ्यास झाला, लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलाय. निम्म्यांना जवळचे चष्मे आधी दिले, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. ज्यांना आधी मिळाले त्यांची पानं तोडण्याची मजल दुसऱ्यांपेक्षा जवळजवळ २२ टक्क्यांनी जास्त वाढली. चष्मा साधाच. आमच्या तालुक्यात एकजण जरी गावोगाव फिरून एवढंच करत राहिला तरी पुष्कळ होईल.

---

डोळस · मंगळवार, दुपारी २.३०

नेत्रतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात स्वतःचं छोटं रुग्णालय. धागा चांगला आहे, मला मान्य नसलेलं काही लिहितो.

ऑप्टोमेट्रिस्ट नसतील तर माझी ओपीडी दुपारी बारालाच बंद पडेल. हे आधी कबूल. माझ्याकडची मुलगी माझ्यापेक्षा चांगलं रिफ्रॅक्शन करते (नंबर काढते), मी तिच्या नंबरवर सही करतो, पुन्हा तपासत नाही. पण रुग्णालयात काम करणं वेगळं आणि बाजारात एकट्याने पाटी लावून बसणं वेगळं. 'आय केअर क्लिनिक' अशी पाटी, पांढरा कोट, आत स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून बघायचं यंत्र). पेशंटला वाटतं डॉक्टरनेच बघितलं.

काचबिंदूचं घ्या. हवा मारून डोळ्याचं प्रेशर बघितलं, १६ आलं, नजर ६/६, "सगळं ठीक, फ्रेम निवडा." काचबिंदूत मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहू शकते, कडेची आधी जाते. प्रेशर २१ च्या, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या, आत असूनही नस वाळत जाणारे पेशंट असतात. ज्याच्या बुबुळाची जाडी कमी त्याचं प्रेशर मशीन कमीच दाखवतं. नस बघितल्याशिवाय 'ठीक' हा शब्द उच्चारू नये. ज्याला 'ठीक' म्हणून सांगितलं तो पुढची पाच वर्षं कुठेच जात नाही. त्यापेक्षा न तपासलेला बरा, त्याच्या मनात निदान शंका तरी असते.

दुसरं, औषधं. खाज येते म्हणून मुलाला स्टेरॉइडचे थेंब कोणीतरी देतं, आराम पडतो, मग मेडिकलवाला तीच बाटली वर्षभर देत राहतो. माझ्याकडे येतं तेव्हा प्रेशर चाळीस, एका डोळ्याची नस गेलेली, मूल अकरा वर्षांचं. ऑप्टोमेट्रिस्टना औषधं लिहायचा अधिकार द्या, अशी मागणी ऐकली की मला ते मूल दिसतं.

---

काचकाम · मंगळवार, संध्याकाळी ६.२०

आमची तिसरी पिढी चष्म्याच्या धंद्यात. आजोबांनी कोल्हापुरात लाकडी पेटीतल्या काचा लावून नंबर काढले, वडिलांनी काढले, मी काढतो. आता ज्याला त्याला दुकानदार चोर दिसतो. मान्य, काही आहेत. पण गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे तेव्हा लोकांना दिसायला लावणारे आम्हीच होतो.

आणि डॉक्टरसाहेब, 'मोफत तपासणी'ची पाटी आम्हाला हौस म्हणून लावावी लागत नाही. तपासायचे शंभर रुपये मागितले की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. तेच गिऱ्हाईक तीन हजारांच्या फ्रेमला घासाघीस करत नाही. तपासणीला किंमतच नाही, म्हणून ती पाच मिनिटांत उरकली जाते. साधा हिशोब.

ताईंनी आमचं काम "काचा घासून बसवणे" एवढ्यात गुंडाळलं. दोन बाहुल्यांमधलं अंतर चुकलं तर काय होतं ते सांगा की. सहा नंबरची काच पाच मिलिमीटर सरकली तर तीन प्रिझमचा (चित्र बाजूला सरकवणारा) धक्का बसतो, डोकं धरून माणूस परत येतो आणि शिव्या नंबर काढणाऱ्याला पडतात. प्रोग्रेसिव्हची (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) उंची फ्रेम तोंडावर घालूनच घ्यावी लागते. ऑनलाइन मागवणाऱ्यांची कोण घेतं?

---

तिरकी रेघ · मंगळवार, रात्री ९.१०

@काचकाम, पटलं. चांगला फिटर नसेल तर माझा नंबर कागदावरच राहतो. गुंडाळलं ते चूकच.

@डोळस, डॉक्टर, तुमच्या दोन्ही उदाहरणांवर वाद घालणार नाही. नस न बघता 'ठीक' म्हणणाऱ्याबद्दल माझंही मत तेच. पण त्या मुलाला ती बाटली ऑप्टोमेट्रिस्टने दिली नव्हती. काउंटरवरून मिळाली. तालुक्यात प्रेशर मोजून "हे थेंब थांबवा, आज डॉक्टरकडे जा" म्हणणारा कोणी बसलेला असता तर ते मूल तुमच्याकडे चाळीसवर नाही, चोवीसवर आलं असतं. मी औषधं लिहीत नाही, मायनस आवरायला मुलांना लागणारं ॲट्रोपिनसुद्धा डॉक्टरकडून लिहून आणते आणि पुढची मोजमापं करत राहते. अधिकार मागणाऱ्यांपैकी मी नाही. मला हवी आहे ती नोंदणी.

इतकी वर्षं या देशात कोणीही उठून ऑप्टोमेट्रिस्ट म्हणवून घेऊ शकत होतं. अलीगढच्या गांधी आय हॉस्पिटलमध्ये आणि हैदराबादला १९५८ मध्ये डिप्लोमा सुरू झाले. चार वर्षांची पदवी १९८५ मध्ये चेन्नईच्या एलिट स्कूलने आणली. पण पेशाला कायदा यायला २०२१ उजाडलं. त्या कायद्याने एक राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा आणि नोंदवही यांची तरतूद केली. परिशिष्टात ऑप्टोमेट्रिस्ट, ऑप्थॅल्मिक असिस्टंट आणि व्हिजन टेक्निशियन अशी नावं आहेत. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणवून घ्यायला किमान ३६०० तासांचं शिक्षण लागतं. म्हणजे चार वर्षं शिकलेली, दोन वर्षं शिकलेला आणि सहा महिन्यांचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेला, हे निदान कागदावर तरी वेगळे होतील. बांधावरचा यांच्या कामाचा मला पूर्ण आदर आहे, त्यांना त्यातून वगळलेलं नाही हे बरंच झालं. राज्याराज्यात हे नीट रुळायला वेळ लागणार.

---

थेम्सकाठी · बुधवार, पहाटे ३.२०

इथे ब्रिटनमध्ये वीस वर्षं आहे, पेशाने आयटी, म्हणजे फक्त गिऱ्हाईक म्हणून लिहितो. इथे डोळे तपासण्याचा अधिकार कायद्याने ऑप्टोमेट्रिस्ट आणि डॉक्टर यांनाच. जनरल ऑप्टिकल कौन्सिल १९५८ च्या कायद्याने आली, तिच्याकडे नोंद नसेल तर धंदा बंद. डोळे तपासायला लोक हॉस्पिटलात जातच नाहीत. हाय स्ट्रीटवरच्या चष्म्याच्या दुकानात जातात, आत ऑप्टोमेट्रिस्ट असतो, तो नस बघतो, आतला फोटो काढतो, गरज वाटली तर हॉस्पिटलला पत्र लिहितो.

दोन गोष्टी आवडतात. तपासणी संपली की नंबरचा कागद तिथल्या तिथे हातात द्यावाच लागतो, चष्मा दुसरीकडे घ्या की घेऊच नका. आणि इंग्लंडमध्ये जवळच्या नात्यात काचबिंदू असेल व तुम्ही चाळिशी ओलांडली असेल तर तपासणी सरकारी खर्चाने. माझ्या वडिलांना आहे, त्यामुळे मला बोलावणं येतं. स्कॉटलंडला तर सगळ्यांनाच मोफत. २००८ पासून जादा प्रशिक्षण घेतलेले ऑप्टोमेट्रिस्ट औषधंही लिहू शकतात, डोळस यांना झोप लागणार नाही.

मात्र हॉस्पिटलने पुढची तारीख कधी द्यावी याला काही सुमार नाही. पत्र गेलं, माणूस वाट बघत बसला.

---

डोळस · बुधवार, सकाळी ८.१५

झोप लागली. ब्रिटनमध्ये मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड देत नाही, हा फरक लक्षात घ्या. तिथला अधिकार इथे आणायचा तर तिथला मेडिकलवालाही आणा.

नोंदणीबद्दल ताईंशी शंभर टक्के सहमत.

---

रानजाई · बुधवार, सकाळी ११.४०

धाग्यावर आतापर्यंत सगळे ज्यांना चष्म्याने दिसतं त्यांच्याबद्दल बोललेत. माझ्या धाकट्या भावाला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होत जातो. निदान झालं तेव्हा शहरातल्या नामांकित डॉक्टरांनी (नाव नको) "यावर उपचार नाही" एवढं सांगून फाइल मिटली. खरंच होतं ते. पण तो नववीत होता, पुढचा प्रश्न शाळेचा होता, आणि त्याचं उत्तर कोणी देईना. दोन वर्षांनी एका ऑप्टोमेट्रिस्टपाशी पोहोचलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुला काय करायचंय आणि काय जमत नाही?" नंबर नंतर.

---

तिरकी रेघ · बुधवार, दुपारी ४.०५

@रानजाई, बरं झालं लिहिलंत. लो व्हिजन (चष्म्यानेही पुरेसं दिसत नाही त्यांच्यासाठीचं काम) हा या पेशाचा मला सगळ्यात जवळचा भाग, आणि सगळ्यात दुर्लक्षित. त्यात धंदा नाही ना.

माणसाची उरलेली नजर किती आहे आणि कुठे आहे हे आधी शोधायचं. मॅक्युला (पडद्याचा मधला भाग) गेलेल्या आजींना मधलं दिसत नाही पण कडेचं दिसतं. त्यांना मान किंचित वळवून बघायला शिकवायचं. तुमच्या भावासारख्यांना उलट, मधली खिडकी उरते, कडा जातात, अंधारात अडखळतात. त्यांना भिंग दिलं की कधीकधी नुकसानच, कारण मोठं झालेलं अक्षर त्या छोट्या खिडकीत मावत नाही. त्यांना चांगला प्रकाश, ठळक काळी शाई, ओळीवर ठेवायची खाच पाडलेली काळी पट्टी, रात्रीसाठी टॉर्च आणि काठीचं प्रशिक्षण. फळा वाचायला हातातली छोटी दुर्बीण. अल्बिनिझम (अंगात, डोळ्यात रंगद्रव्य कमी) असलेल्या मुलाला गडद काचा आणि खिडकीकडे पाठ करून बसायची जागा. शाळेला पत्र लिहायचं की याला पहिल्या बाकावर बसवा, प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळण्याचा मार्ग मोकळा होतो. प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय मंडळच देतं, पण कुठे जायचं, कोणते कागद न्यायचे, हे बरेचदा आम्हीच सांगतो.

एक बैठक तासाची होते. त्या तासात दुकानात पाच चष्मे विकले जातात. म्हणून लो व्हिजनची खोली तुम्हाला मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत दिसेल, बाजारात नाही.

@कुंदा_ठाणे, तुमचं उत्तर राहिलं. खरं सांगते. सुरुवातीचा पगार कमी आहे, घरच्यांना तोंडावर सांगायला लाज वाटावी इतका. साखळी दुकानात थोडा जास्त मिळतो, पण तिथे महिन्याचं टार्गेट असतं, आणि टार्गेट असलेल्या माणसाने 'तुम्हाला नवा चष्मा नको' म्हणणं किती अवघड असतं बघा. रुग्णालयात पहिली दोन-तीन वर्षं काढली तर हात तयार होतो. पुढे कॉन्टॅक्ट लेन्स, मुलांचे डोळे, लो व्हिजन यातलं एक धरता येतं. शिकवता येतं, संशोधन करता येतं, स्वतःचं क्लिनिक टाकता येतं. परदेशात जायचं तर बहुतेक ठिकाणी तिथल्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. मुलीला एमबीबीएस हुकलं म्हणून हे करायचं असेल तर नको, चारही वर्षं ती खंतावत राहील. कॉलेज बघताना इमारत बघू नका. विचारा, "तिसऱ्या वर्षापर्यंत विद्यार्थी किती पेशंट तपासतात, आणि कोणत्या रुग्णालयात?" या प्रश्नावर प्रवेश विभागातली व्यक्ती गडबडली तर समजून जा.

---

कुंदा_ठाणे · बुधवार, रात्री ९.३०

मनापासून आभार. यजमानांना धागा वाचायला दिला. ते म्हणाले, "आधी मलाच दाखवून घेऊ." चार वर्षं झाली त्यांचा तोच चष्मा आहे, सासऱ्यांना काचबिंदू होता.

---

थेम्सकाठी · गुरुवार, पहाटे २.५०

@कुंदा_ठाणे, सासऱ्यांना होता म्हणजे यजमान रक्ताच्या नात्यातले. 'घेऊ' नको, याच आठवड्यात दाखवा. नस बघायला सांगा.

---

खवचट काका · गुरुवार, सकाळी १०.००

नातवाला चार महिन्यांपूर्वी मायनस पाऊण लागला. सूनबाई म्हणते मोबाइल बंद. नातू म्हणतो आजोबा, तुम्ही पण दिवसभर संस्थळावर असता. तज्ज्ञांनी मार्गदर्शन करावे, घरात माझी बाजू पडती आहे.

---

तिरकी रेघ · गुरुवार, दुपारी १.२०

काका, नातू किती वर्षांचा? थेंब घालून नंबर काढला होता का? नसेल तर आधी ते. खरंच मायनस असेल तर दर सहा महिन्यांनी तपासा, जमलं तर डोळ्याची लांबीही मोजून घ्या. लहान वयात लागलेला मायनस जास्त वाढतो. मायनस म्हणजे बहुतेक वेळा डोळा लांब होत जाणं, आणि सहाच्या पुढे गेला की मोठेपणी पडदा सुटण्याचा धोका वाढतो, त्यामुळे 'चष्मा लागला, संपलं' असं नसतं. ब्रायन होल्डन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अंदाज मांडलाय की २०५० पर्यंत जगातली निम्मी माणसं मायनसवाली असतील.

औषधाआधी मैदान. रोज दोन तास उघड्यावर. ऊन डोक्यावर असायची गरज नाही, झाडाखालीही चालेल. तुम्हीच घेऊन जा, म्हणजे दोघांचेही स्क्रीन बंद राहतील. तरीही वेगाने वाढला तर खास काचा आहेत, कमी तीव्रतेचं ॲट्रोपिन आहे. ते डॉक्टर ठरवतील.

---

काचकाम · गुरुवार, संध्याकाळी ७.४५

ताई, एक विचारायचं होतं. आत्ता एक गिऱ्हाईक येऊन गेले, वय ६२, जुने शिक्षक. दीड महिन्यापूर्वी प्रोग्रेसिव्ह केला, उजव्याने अक्षरं तुटक दिसतात म्हणून परत आले. काच बदलून दिली. आज परत. आता म्हणतात दाराची चौकट वाकडी दिसते. मला वाटलं फिटिंग चुकलं, पण अंतर, उंची सगळं बरोबर आहे. नंबर पुन्हा काढला, उजव्याला पाव वाढवून बघितला, फरक नाही. नव्या काचेची ऑर्डर टाकू का?

---

तिरकी रेघ · गुरुवार, संध्याकाळी ७.५२

टाकू नका. चष्मा काढून, डावा डोळा झाकून त्यांना चौकट बघायला सांगा. नुसत्या उजव्या डोळ्यानेही वाकडी दिसते का? वहीतल्या चौकटीच्या कागदावर मधोमध ठिपका काढा, त्याच्याकडे बघायला सांगा, रेषा वाकतात का, एखादा भाग गायब होतो का.

---

काचकाम · गुरुवार, रात्री ८.२६

घर जवळच आहे, जाऊन आलो. चष्म्याशिवायही वाकडी. कागदावर ठिपक्याच्या उजवीकडच्या रेषा लाटेसारख्या दिसतात म्हणाले. डाव्याने सरळ.

---

डोळस · गुरुवार, रात्री ८.३१

मॅक्युला आहे. ओसीटी लागेल, उद्याच, पुढच्या आठवड्यात नाही. खाली पाणी किंवा रक्त असेल तर डोळ्यात इंजेक्शनं देता येतात, लवकर दिली तर नजर वाचते. रेटिनावाल्याकडेच पाठवा. चिठ्ठीवर लिहा : उजवा डोळा, दीड महिन्यात आधी अक्षरं तुटक, आता रेषा वाकड्या, चष्म्याने सुधारणा नाही. तुमच्या दोन्ही वेळच्या नंबरांच्या तारखा पण घाला, त्यांना उपयोग होईल.

---

काचकाम · गुरुवार, रात्री ९.०३

लिहून दिली. मुलगा सकाळच्या गाडीने घेऊन जातोय. काचेचे पैसे परत करत होतो, घेईनात.